मोटरीवरची टिकली

आश्विन लागला की मला कशाचाच भरवसा वाटत नाही. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ असतं आणि दुपारी जरा डोळा लागला की परतीचा पाऊस येऊन दोरीवरचे कपडे भिजवून जातो. भात लांबून पिवळं दिसतं, जवळ जाऊन लोंबी चोळावी तर आत अजून दूधच. बांधावर कुरडू फुललेली असते, तिचे पांढरे-गुलाबी तुरे दिसतात भोळे, पण हात घालायला जावं तर मुळाशी फुरसं वेटोळं करून बसलेलं. या महिन्यात आधी बघायचं आणि मग पाय टाकायचा, हे मी लग्न होऊन इथे आले त्याच वर्षी शिकले. पुढे ते फक्त आश्विनापुरतं राहिलं नाही.

आज सकाळी तलावावर जाऊन आले. तेव्हापासून मनात दोन वर्षांपूर्वीचा आश्विन घोळतोय.

आमचं गाव खालापूरच्या आतल्या बाजूला. नाव मुद्दामच सांगत नाही. हल्ली नाव सांगितलं की समोरचा पहिलं विचारतो, गुंठ्याला काय चाललंय. पांढरे बूट घालून कोणी बांधावर उभं राहिलं की आमच्याकडची कुत्रीसुद्धा भुंकायची सोडून नुसती बघत बसतात, इतकी सवय झालीय. कोण कुणाची जागा दाखवतोय, कुणाचा भाऊ कुणाच्या गाडीत बसला, याच्यावर गावाचा अर्धा दिवस जातो. अशा गावात संशय न घेणारी बाई म्हणजे वेडीच म्हणायची. त्यात माझं माहेर कर्जतचं, वडील शाळामास्तर. पेपर तपासताना कोणी कुणाचं पाहून लिहिलंय ते त्यांना लगेच कळायचं. ते म्हणायचे, बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं, चूक मात्र ज्याची त्याची असते, म्हणून चुकीकडे बघावं. त्यांचा हा गुण तेवढा माझ्यात उतरला. गणित काही उतरलं नाही.

आमच्या ह्यांना माझ्या या स्वभावाची सवय आहे. ह्यांचं नाव मी घेत नाही, उखाण्यात घेतलं तेवढं पुरे. दूधवाल्यापासून देवळातल्या गुरवापर्यंत मी सगळ्यांवर नजर ठेवते असं हे म्हणतात. ठेवते. नाकासमोर चालणारा नवरा असला की आजूबाजूला बघायचं काम बायकोकडेच येतं.

तलाव आमच्या शेताला लागून आहे. पलीकडच्या काठावर ठाण्याच्या एका शेठचं फार्महाउस. त्यांनी हौसेने एक बोट आणली. चपटी, रुंद, लाल रंगाची, वर गोल फिरणाऱ्या दोन खुर्च्या. तिला म्हणे बास बोट म्हणतात. बास हा परदेशातला मासा. आमच्या तलावात रोहू आहे, कटला आहे, नशीब असेल तर मरळ, बास काही नाही. तिथूनच मला शंका. ज्या माशासाठी बोट बनवली तो मासाच जिथे नाही, तिथे ही बोट आणून शेठला करायचंय काय? पण पाहुणे येत, खुर्चीत बसून गळ टाकत, मासा मिळाला तर फोटो काढून परत पाण्यात सोडत. पकडलेला मासा सोडून देणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. माझ्या डोक्यात ते अजून बसलेलं नाही.

बोट चालवायला शेठने ह्यांना ठेवलं. ह्यांचा जीव त्या कामात इतका रमला की भात कापायचं सोडून माणूस मोटर पुसत बसे. बोटीच्या पाठीला मोटर, मोटरीला दांडा. उजव्या हाताने दांडा धरायचा, मूठ पिळली की वेग, दांडा ढकलला की वळण. बोट आणि मोटर यांच्यामध्ये एक जाड पाटी बसवलेली. तिचे बाजूचे बोल्ट सैल करून मधला लांब बोल्ट पान्याने फिरवला की सगळी मोटर वर किंवा खाली सरकते. ह्यांनी मला हे किती वेळा दाखवलं असेल. मोटर फार खाली बसली तर बोट जड होते, पाणी ओढत चालते, दांडा हाताला येत नाही. फार वर गेली तर दांडा हलका होतो, बोट पळतेही, पण वळताना पंखा पाण्याऐवजी हवा खातो. मग मोटर नुसती ओरडते आणि बोट भलतीकडे घसरते. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, ती बोटीच्या बुडाच्या रेषेपेक्षा थोडीशीच वर हवी. ती जागा शोधायला ह्यांना सगळा उन्हाळा लागला. सापडली त्या दिवशी पाटीवर खिळ्याने खूण केली आणि घरी येऊन मला सांगितलं की आता ती लोण्यातून सुरी फिरावी तशी वळते. माझं बाळंतपण सुखरूप झालं तेव्हाही माणूस इतका खूश झाला नव्हता.

म्हणूनच त्या आश्विनात ती खूण सुटलेली दिसली तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी काठावर भांडी घेऊन गेले होते. बोट दोरीला हलत होती. सहज लक्ष गेलं, तर मोटरीवरची ओल्या-कोरड्याची रेघ रोजच्या जागी नव्हती. जवळ जाऊन पाहिलं. मोटर खुणेच्या चांगली पेरभर वर. म्हटलं, कोणी हात लावला? ह्यांना विचारलं तर म्हणाले, काय नाय गं, तलावात पाणी कमी-जास्त झालं की करावं लागतं. मी मास्तरांची मुलगी. बोट पाण्यावर तरंगते, पाणी वाढलं की बोटही वर येते, मग मोटरीचा काय संबंध? हे ह्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत. माणूस खोटं बोलतोय यापेक्षा इतकं कच्चं खोटं बोलतोय याचंच मला जास्त भय वाटलं. ह्यांना खोटं बोलायची सवयच नाही.

दुसऱ्या दिवशी मी कपाळाची टिकली काढून पाटीवर चिकटवली, मोटरीच्या कडेला अगदी लागून. टिकली तिथेच राहिली आणि मोटरीची कड दोन दिवसांनी तिच्याही वर गेली.

मग मी बाकीचं बघायला लागले. आणि एकदा बघायला लागलं की दिसतंच. हे चमच्याने भात खायला लागले होते. जन्मभर पाची बोटांनी कालवून, मनगटापर्यंत आमटी ओघळेतो जेवणारा माणूस, तो म्हणाला, चमचा दे गं, हाताला डिझेलचा वास येतोय. डिझेल? मोटर पेट्रोलवर चालते. दाढी घरी करणं बंद झालं. एक दिवसाआड खालापूरच्या सलूनमध्ये. पन्नाशी उलटल्यावर एक दिवसाआड! बटणांचे सदरे कपाटात तसेच राहिले आणि डोक्यातून घालायचे टीशर्ट आले, शेठच्या फार्महाउसवरून मिळालेले. मोबाइल डाव्या खिशात गेला. आणि मी चहा दिला की कप खाली ठेव म्हणायचे, हातात घ्यायचे नाहीत.

हे सगळं मी माझ्या धाकट्या जावेला सांगितलं. सुलभा नाव तिचं, माझ्याहून दोन पावलं पुढची. आम्ही दोघी भात झोडायचं खळं सारवत होतो. तिने शेणाचा हात तसाच कमरेवर ठेवला आणि सरळ हिशोब मांडला. नवी दाढी, नवे कपडे, नवी जेवायची रीत, म्हणजे नवं माणूस. तिला ते माणूसही माहीत होतं. ठाण्याहून शनिवार-रविवार येणाऱ्या एक बाई, मोठी टोपी घालून एकट्या गळ टाकत बसायच्या आणि बोटीवर चमच्यानेच पोहे खायच्या. सुलभा म्हणाली, ताई, मोटर वर केली की बोट पळते म्हणता ना, मग कुणाला पळवून दाखवतायत ते बघा.

मला ते पटलं नाही. पटलं नाही असं मी तिला सांगितलं. पण रविवारी मी करवंदीच्या जाळीआड जाऊन बसले, हेही खरंच. ऊन कडक होतं. पाण्यावर चतुर उडत होते, पिकत्या भाताचा गोडसर वास सगळीकडे भरला होता, आणि मी, दोन मुलांची आई, काटे बाजूला सारून नवऱ्याची बोट बघत होते. बाई पुढच्या खुर्चीवर, हे मागे. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते. मला जरा बरं वाटलं, मग वाटलं, माझ्यासारखंच कोणी बघत असेल म्हणून बोलत नसतील. संशयाला बूड नसतं, कितीही ओता, भरत नाही.

तेवढ्यात बोट खडकाच्या टोकाला वळायला लागली. तिथे तलाव अरुंद आहे, झटक्यात वळावं लागतं. मोटर एकदम किंचाळली. बोट वळलीच नाही, आडवी घसरत खडकाकडे गेली. बाई खुर्चीवरून कलंडल्या, टोपी पाण्यात गेली. शेवटच्या क्षणी ह्यांनी दोन्ही हातांनी दांडा ओढला आणि खडक हातभर अंतरावरून निघून गेला. दोन्ही हातांनी. ते मी पाहिलं, पण तेव्हा माझं लक्ष टोपीकडे होतं, ती काढायला हे पाण्यात उडी घेतात की काय याकडे. घेतली नाही. गळाच्या काठीने काढून दिली.

त्या रात्री मला बाईचं काही वाटेना. खडक दिसत राहिला. माणूस काहीही करो, पण ज्याने सगळा उन्हाळा घालवून मोटरीची जागा शोधली तो आपल्या हाताने ती बिघडवतो आणि लोकांना बसवून खडकावर नेतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते सुलभा म्हणते त्याहून खोल मुरतंय. हा माणूस मला एक दिवस तलावातून काढावा लागेल असं वाटायला लागलं. विचारून उपयोग नव्हता. विचारलं की उत्तर एकच, काय नाय गं.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडतात. विळे, कोयते, कुदळ, टिकाव आणि आता मोटरीचे पाने. हळदकुंकू, झेंडू, नारळ. एकदा पूजा झाली की दसऱ्याला परत अक्षता वाहून ती हलवेपर्यंत हत्याराला कोणी हात लावायचा नाही. ह्यांचा यावर फार कटाक्ष. एका वर्षी पूजा झाल्यावर दारात साप निघाला, तर ह्यांनी पूजेतली काठी घेतली नाही, शेजारच्याची आणायला धावले. साप तोवर निघून गेला, पण नेम मोडला नाही. दुसरं म्हणजे डावा हात. देवाच्या वस्तूला ह्यांचा डावा हात कधी लागायचा नाही. मुलं लहान असताना डाव्या हाताने प्रसाद घेतला तर हे परत ठेवायला लावायचे.

मी सापळा लावला. त्या दिवशी हे बाजारात झेंडू आणायला गेले असताना काठावरच्या बोटीच्या शेडमध्ये जाऊन मी स्वतः पाना फिरवला आणि मोटर खुणेवर आणून ठेवली. जड काम होतं, घाम निघाला. मग बोटीसमोर पाट मांडून दोन्ही पाने त्यावर ठेवले, आणि ह्यांच्या हातून पूजा करून घेतली. कुंकू मीच मुद्दाम जाड लावलं होतं. ह्यांनी मोटरीकडे पाहिलं. खुणेवर आलेली दिसलीच असणार. पाटाला नमस्कार केला आणि घराकडे वळले. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पाहुणे सकाळीच येणार होते. म्हटलं, आता बघू.

दसऱ्याला उजाडताना मी तोरण ओवत होते. हे मागच्या दाराने आत आले आणि मोरीकडे वळले. मी सुई खाली ठेवली आणि आधी शेडवर गेले. पाटावर पाने होते, पण एकाचं कुंकू पार फरफटलेलं. मोटर परत वर. बाई असती, जागेचा सौदा असता, तर भांडले असते. पण हा माणूस पूजेतलं हत्यार उचलतो? ज्याने सापासाठी उचललं नाही?

परत आले तेव्हा हे मोरीत हात चोळत होते. कुंकू लवकर जात नाही. मी हात धरला आणि उघडून पाहिला. सगळा तळवा लाल. डावा.

मी उजवा हात ओढून पाहिला. तो कोरडा, स्वच्छ. आणि हलका. ह्यांचा हात इतका हलका मला कधी लागला नव्हता. अंगठ्याखालचं मांस खाली बसलं होतं.

मी म्हटलं, "दाबा माझा हात."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग बोटं हलली. लहान मूल दाबतं तेवढंही नाही.

"जोर नाय गं त्याच्यात," हे म्हणाले. "पावसाच्या आदीपास्नं नाय. मोटर वर घेतली की दांडा हलका लागतो, म्हनून."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू शेठला सांगितलं असतंस. बोट गेली तर मी काय करू?"

तिथेच मोरीच्या कट्ट्यावर मी बसले आणि रडले. रागाने रडले, हे स्पष्ट सांगते. चमचा, सलून, टीशर्ट, डावा खिसा, खाली ठेवलेला कप, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, एकेक चूक मी बरोबर टिपली होती. आणि हा माणूस ताकाला जाऊन भांडं लपवत होता, तेही बायकोपासून. सुलभा नंतर म्हणाली, ताई, उगाच संशय घेतला भावजींवर. मी म्हटलं, उगाच कसला? विश्वास ठेवून मी गप्प बसले असते तर हे त्या खडकावर आपटले असते.

त्याच दिवशी मी शेठला फोन लावला आणि बोट सुटणार नाही असं सांगितलं. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझी मुलगी शेलूला राहते, नव्या बिल्डिंगमध्ये, ती येऊन वडिलांना पनवेलच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मानेत नस दाबली गेली होती. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, पण हातात जोर किती परत येईल ते आता हातच सांगेल. मला ते वाक्य आवडलं नाही. डॉक्टरने असं अधांतरी बोलू नये.

शेठने बोट दुसऱ्याला दिली नाही. धाकटे दीर सोबत बसले तर चालेल म्हणाले. तेव्हापासून दांड्यावर हे, बाजूला दीर, आणि मोटर खुणेच्या वर ठेवूनच, सावकाश, खडकाच्या टोकाला न जाता. ह्यांना ते लागायचं. लोण्यातून सुरी फिरावी तशी वळणारी बोट हे म्हशीसारखी वळवत. घरी मी भाकरीचं पीठ ह्यांच्यासमोर ठेवायचे, मळा म्हणायचे. पहिल्या वर्षीच्या भाकऱ्या कुत्र्यांनीही खाल्ल्या नाहीत. सुधारणा आहे का विचारलं की परत तेच, काय नाय गं, हाय तसंच. ताटाशी चमचा मी न मागता ठेवत आले. सणालाही ठेवला.

यंदा परत कुरडू फुललीय. परवा खंडेनवमी. आज सकाळी शेड झाडायला म्हणून गेले. झाडणं होतंच, पण मोटर बघायची खोड काही गेली नाही. टिकली अजून आहे. दोन पावसाळ्यांनी तिचा रंग उडालाय, नुसता पांढरट गोल राहिलाय, पण चिकटलेली आहे. मोटरीची कड तिच्या चांगली पेरभर खाली होती. मी खिळ्याची जुनी खूण पाहिली. मोटर बरोबर खुणेवर. पान्याच्या मुठीवर ग्रीसचे ठसे होते, अंगठ्याचा ठसा उजव्या हाताचा. मी माझा अंगठा त्यावर ठेवून खात्री केली. मग दिरांना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, वयनी, मी हात नाय लावला. दादा काल खडकाच्या टोकाला वळवून आला. मला म्हनला, घरात बोलू नको.

म्हणजे परत लपवाछपवी. या माणसावर विश्वास ठेवायचा नाही ते नाहीच.

दुपारी मी पाट मांडला. भात वाढला, वर वालाची आमटी गरम गरम ओतली. आणि ताटाशी चमचा ठेवला नाही. हे येऊन बसले. ताटाच्या उजवीकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी जन्मभर सगळ्यांकडे बघत आले, पण त्या वेळी पाठ केली आणि उगाचच मडक्यावरचं झाकण सारखं करत राहिले. मागे भात कालवल्याचा आवाज येत होता.